साहेबांनी फिरवलेली काच

शेजाऱ्यांनी परवा नव्या मोटारीपुढे कापूर जाळला. त्या वासाने मला थेट पुलगावच्या टॉकीजमध्ये नेऊन बसवले आणि माझे डोके पुन्हा तापले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. टॉकीजमध्ये सिनेमास्कोपची काच आली होती. प्रोजेक्टरच्या भिंगापुढे ती लावली की चित्र रुंद होई. मात्र ती नेमकी सरळ बसावी लागे. जराशी फिरली की पडद्यावरचे सगळे जग तिरपे. ऑपरेटरने ती सरळ बसवली होती. मग काचेच्या नळीला कुंकू लागले, कापूर झाला आणि पाहुण्या साहेबांनी ‘शुभहस्ते’ म्हणून ती फिरवून घट्ट केली. टाळ्या पडल्या. तेव्हा मला साहेबांचा राग आला होता, आता त्या टाळ्यांचा येतो.

माझ्या शेजारच्या खुर्चीत आई होती. मोतीबिंदूची पट्टी नुकतीच सुटली होती, म्हणून मी तिला हौसेने आणले होते. पडद्यावर खांब कलले, माणसे वाकडी चालू लागली. तिने माझा हात घट्ट धरला.

“बाबू, आपरेशन बिघडलं वाटते. मले सारे वाकडे दिसून राह्यले.”

“माय, काच वाकडी बसवली हाय. तुहा डोया चांगला हाय.”

“उगी मन नको राखू.”

मी तडक मालकाकडे गेलो. तो म्हणाला, “साहेबाचा हात लागला हाय तिले. साहेब बसून हाये तवर कोनी हात लावाचा नाई.” साहेब सोफ्यावर घोरत होते.

परत आलो, तर आई डोळे मिटून बसलेली.

“असू दे बाबू,” ती म्हणाली, “दिसत नव्हतं तवा सारे सरळ तरी होते.”