मान्यता देणार

वारज्याच्या पुढे, डोंगराच्या बाजूला, आम्ही एक छोटा एनए प्लॉट घ्यायचं ठरवलं होतं. आम्ही म्हणजे मी आणि आई. वडील जिनिंग मिलमध्ये गाठी उचलता उचलता गेले; घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला. नोकरीसाठी विदर्भातून पुण्यात आलो, मागाहून आईला आणलं. या शहरानं मला उभं केलं, हे मी विसरत नाही. आईला मात्र तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची खोली मानवत नव्हती. तिला अंगण हवं होतं, सकाळी सडा टाकता येईल एवढं.

विकणारे दोघे भाऊ तिथलेच, बोलायला मोकळे, चहा पाजल्याशिवाय न सोडणारे. वकिलांनी सगळं समजावून सांगितलं. खरेदीखतात लिहून देणार हे दोघे, लिहून घेणार मी, आणि त्याखाली मान्यता देणार म्हणून त्यांची बहीण. वडिलांच्या माघारी सातबाऱ्यावर तिचंही नाव लागलं होतं. तिच्या सहीशिवाय व्यवहार पक्का होणार नव्हता.

मी तिच्या हिश्शाबद्दल विचारलं, तेव्हा थोरला हसला. "बहिणी कुठं हिस्सा घेत्यात व्हय सायेब? कसब्यात दिलीय तिला, सुखात हाय. सही झाली की साडी-चोळी करणार हाय आमी."

घरी हे सांगितल्यावर आईनं वेगळंच काढलं. "तिची ओटी भरा लागते. लेकीचा जीव बापाच्या जागेत राह्यते. तो सुखानं निंगाले पाह्यजे." आमच्याकडे ही रीत आहे. मलाही ती बरी वाटली. एवढी मोठी गोष्ट कुणी आपल्याला देतंय, तर आभार मानायला जायला नको?

नोंदणीच्या आधीच्या रविवारी आम्ही खण, नारळ आणि पेढे घेऊन कसब्यात गेलो. भांड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. साठीच्या जवळ आलेल्या बाई. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी पाणी दिलं, बसवलं. आईनं तांदूळ ओंजळीत घेतले.

"बाई, तुमच्या बापाची जागा आमाले भेटून राह्यली. तुमी राजीखुशीनं देऊन राह्यल्या, मनून आली मी."

त्यांनी ओटीसाठी पदर अर्धा पुढे केला होता. तो तसाच धरून त्या म्हणाल्या, "कुठली जागा?"

मग मला सांगावं लागलं. वकिलांनी मला सांगितलं होतं तसंच, सावकाश. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "दादा तर म्हणाला, मोजणीचा कागद आहे. उभ्या उभ्या सही करून ये, रिक्षानं परत सोडतो."

आईचे हात थांबले होते. "भरा हो," त्या म्हणाल्या, "दारी आलेली ओटी नाही म्हणू नये." निघताना जिन्यापर्यंत आल्या.

नोंदणीच्या दिवशी दोघे भाऊ इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून कचेरीत आले होते. धाकट्याच्या मांडीवर साडीची पिशवी. आमचा नंबर जवळ आला, तरी बहीण आली नाही. थोरला फोन घेऊन बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"सायेब, नारळ घिऊन तिकडं जायला कुनी सांगितलं व्हतं तुमाला?"

"शिकल्याली मानसं," धाकटा म्हणाला. "पाया पडायला गेली आन् पायच वढला."

वकिलांनी चष्मा पुसला. "अहो, मान्यता देणाऱ्याला आधी विचारायचं असतं. कायद्यात आहे तसं. आपल्या घरांत अजून आलेलं नाही."

व्यवहार तिथेच मोडला. विसार त्यांनी पूर्ण परत केला. त्या बाबतीत माणसं सचोटीची निघाली. पुढे त्यांनी बहिणीवर वाटणीचा दावा लावल्याचं वकिलांकडून कळलं.

दिवाळी झाल्यावर आई आणि मी कसबा गणपतीला गेलो होतो. परतताना त्या बाई भाजीवालीपाशी भेटल्या. आईनं न राहवून विचारलं, "भाऊबीजेले गेल्या होत्या का, बाई?"

"नाही हो. बोलावणंच नाही आलं. धाकट्याच्या मुलाचं लग्न ठरलंय. शेजारच्या गल्लीत पत्रिका आली, आमच्याकडे नाही." त्या मेथीची जुडी उलटीसुलटी करून पाहत होत्या. "मी सही देणारच होते. मला का तिथे बंगला बांधायचा होता? 'विकू का गं?' एवढंच विचारायचं होतं त्यानं. मी साडीसुद्धा घेतली नसती."

माझ्या मनात आशा जागी झाली, हे लपवत नाही. मी म्हणालो, "मग आता त्यांनी विचारलं, तर?"

"आता विचारतील ते अडलंय म्हणून." त्यांनी जुडी परत टोपलीत ठेवली. "आणि दावा लावलेली माणसं विचारत नसतात."

बसमध्ये आई खिडकीबाहेर पाहत बसली होती. दुसरीकडे एक प्लॉट निघालाय, स्वस्त आहे, असं मी तिला सांगू लागलो.

"नको पाहू," ती म्हणाली. "तितंबी कोनाची तरी बहीन असन."