आत्याच्या म्हशीचा जुना गोठा

सर्व लहानथोरांनी टोप्या सावरून ऐकावे, कारण बातमी गंभीर आहे: सोलापुरात, गिरणीमागच्या आमच्या गल्लीत, एका म्हशीचा गृहप्रवेश ठरला होता.

म्हैस माझ्या विधवा आत्याची. तिच्या दुधावर आत्याची चूल पेटायची, दुसरा आधार नव्हता. आणि घर म्हणजे पलीकडच्या आळीतल्या गवळ्याचा जुना गोठा. बुळकांडीच्या साथीत त्याची जनावरं हगून हगून मेली, एक गाय तेवढी अजून उभी होती. गोठा त्यानं विकायला काढला. खांब, पत्रे, गव्हाण, सगळं सुटं करून आम्ही बैलगाडीतून आणलं.

वडील सेनापती झाले. मी नुकताच गिरणीत लागलेला, अंगानं दांडगा, म्हणून खरवडणं माझ्याकडे आलं. गव्हाणीला मेलेल्या जनावरांची लाळ वाळून चिकटली होती. पत्र्यांवर काळे शिंतोडे होते, कशाचे ते विचारू नका. उकळतं पाणी ओतलं की तो वास जिवंत होऊन थेट घशात शिरायचा. मी भिंतीकडे तोंड करून ओकलो.

"ओकतोस काय? प्लेगात माणसं उचलली आम्ही!" वडील लांबून गरजले, नाकाला धोतराचा सोगा लावून.

"मग दादा, तूच ये की हितं," आत्या म्हणाली. "तितनं बोलायला काय जातंय?"

आत्या आम्हा दोघांहून कडक. गवळ्याची दावी तिनं जाळली, खुंटे जाळले. मी घासलेल्या पत्र्यावरून बोट फिरवायची, बोट हुंगायची आणि म्हणायची, "परत घास." मग खांबांना फिनेल, पत्र्यांना चुना, आणि वर कडुनिंबाच्या पाल्याचा असा धूर की शेजारी भांडायला आले. वैशाखाच्या उन्हात सगळं तापवून मगच तिच्या परसात गोठा उभा केला.

राहिली जमीन. पहिल्या सारवणाला म्हशीचं शेण चालत नाही, गाईचंच लागतं. आत्या पाटी घेऊन गेली, ओलं शेण घेऊन आली आणि देवघर सारवावं तशी तिनं जमीन सारवली. म्हशीला कुंकू लावलं. वडिलांनी उंबरा नसलेल्या दारात नारळ फोडला.

थोड्याच दिवसांत म्हशीनं वैरण सोडली. डोळे गळू लागले, तोंडातून लाळ, मग हगवण. आत्या तिच्या मानेखाली हात घालून बसून राहिली. गुरांचा डॉक्टर आला आणि त्याच्यादेखतच म्हशीनं पाय ताणले.

"बुळकांडीच," तो म्हणाला. "गोठा नीट धुतला होता?"

वडिलांनी छाती काढून सगळा पराक्रम सांगितला. "तिथलं नखभर काही राहू दिलं नाही, साहेब!"

"आणि जमीन?"

"गाईच्या शेणानं सारवलेली!"

"कुणाच्या गाईच्या?"

वडिलांनी आत्याकडे पाहिलं. तिनं मानेखालचा हात काढला, आपल्याच तळव्याकडे बघितलं आणि ओरडली,

"अगं बया! जवळपास दुसरी गाय कुटं हाय? त्या गवळ्याच्याच गाईचं शेण आणलं की मी!"