बुळबुळ्या जंतूला राख

तळ्यात मासे धरताना मायच्या पायात माशाचा काटा मोडला, तेव्हा मी चंद्रपूरला बी.एस्सी. करत होते. दोन हजार सालच्या आगेमागेची गोष्ट. माय एकवेळ उपाशी राहील पण दवाखान्याची पायरी चढायची नाही. पाय टम्म सुजला तेव्हा कुठे तिने निरोप धाडला. मी तिला एस.टी.ने गडचिरोलीला नेलं, वाटभर तोंडाचा पट्टा सोडून. खरं तर पाय कापतात की काय, या भीतीने माझंच पाणी पाणी झालं होतं.

डॉक्टरबाई समजावून सांगणाऱ्या निघाल्या. "आपलं अंग स्वतःच बारीकसं औषध बनवतं. ते जंतूच्या सालीला चिकटतं आणि भोकं पाडतं. पण काही जंतू साल अशी बदलतात, की ते चिकटतच नाही. म्हणून तुमची जखम चिघळली."

"बुळबुळा जंतू हाय म्हना की," माय म्हणाली. "मरळीवानी."

"अगदी तसाच," म्हणत बाई हसल्या.

इथेच घोळ झाला. मरळ मासळी हातातून सटकते, म्हणून आमच्याकडे ती साफ करताना हाताला राख चोळतात. मायला भरती करून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली तर आत चुलीतली राख! शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या घरून मागवलेली.

मी भडकलेच. "माय, हे काऊन केलं तू?"

"राख लावल्याबिगर बुळबुळं हातात येते का? अंगातल्या औषधाले मदत करून राह्यली मी."

हसावं की डोकं आपटावं, कळेना. डॉक्टरबाईंनी मात्र न चिडता जखम धुतली, इंजेक्शन बदललं. पाय वाचला, पण अंगठ्याजवळचं बोट काढावं लागलं. मी ढसाढसा रडले. माय रडली नाही.

घरी निघताना तिने विचारलं, "बाई, त्या जंतूले साल बदलाचं कोन शिकवलं?"

"कोणीच नाही. बाकीचे मेले. ज्याची साल जरा वेगळी होती, तो तेवढा वाचला आणि त्याचीच पिलावळ वाढली."

मायने आपल्या चार बोटांच्या पायाकडे पाहिलं.

"मंग मीबी जरा येगळी झाली, म्हून वाचली," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर भार टाकून उभी राहिली. "चाल. तळ्यात उभं राहाले चार बोटं पुरतेत."