गरज शून्य

मुंगी हे नाव मावशीनं ठेवलेलं. आई गेल्यावर मावशीनं तिला आपल्या दोन खोल्यांत आणलं, तेव्हा पोर दिवसभर बटणं, खडे, काड्या यांचे वेगवेगळे ढीग लावत बसायची. "मुंगीसुद्धा एवढं नीटनेटकं वागत नसेल," मावशी म्हणाली, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

पुढे मुंगीला पगारही ढीग लावण्याचाच मिळू लागला. आरोग्य खात्यात घरोघरच्या पाहणीची उत्तरं तिच्या संगणकावर यायची. एका घराची एक ओळ, एका प्रश्नाचा एक रकाना. पण साहेबांना नेहमी हवा असायचा तो कुणी न विचारलेला रकाना, चार-पाच उत्तरांतून मुंगीनं नवा घडवलेला. "जुन्या साडीतून झबलं शिवावं तसं असतं ते," असं ती मावशीला समजावून सांगायची. एक ओळ लिहून बटण दाबलं की कुणी कधी न पाहिलेले आकडे वरपासून खालपर्यंत सरसर उतरत. ते बघताना तिला अजूनही लहानपणीसारखंच बरं वाटे.

यंदा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची पाहणी झाली होती. चालता येतं का, औषध आपलं आपण घेता येतं का, असे पाच प्रश्न. अडचण नसेल तर शून्य, थोडी असेल तर एक, फार असेल तर दोन. पाचांची बेरीज म्हणजे नवा रकाना, त्याचं नाव 'गरज'. घरी येणाऱ्या नर्सबाईंची फेरी कुणाकडे चालू ठेवायची आणि कुणाकडे बंद करायची, ते त्यावरून ठरणार होतं.

मुंगीनं आधी पाचही उत्तरं साध्या अधिकच्या चिन्हानं जोडली. ज्या घराचं एखादं जरी उत्तर राहिलं होतं, तिथे नवा रकाना रिकामा आला.

"ही काय चाळणी झालीय का?" साहेब पडद्याकडे बोट करून म्हणाले. "मला वर पाठवायचंय हे. एकही घर कोरं दिसता कामा नये."

त्यावर इलाज होता. बेरजेचं एक तयार सूत्र होतं. ते रिकाम्या जागा सोडून उरलेल्यांची बेरीज करी, आणि काहीच उरलं नाही तर मुकाट्यानं शून्य लिही. मुंगीनं ते लावलं. भोकं बुजली. "शाब्बास!" म्हणत साहेबांनी फाइल वर पाठवली. हातासरशी काम झालं म्हणून मुंगीही खूश होती.

काही आठवड्यांनी मावशीचा फोन आला.

"मुंगे, ऐकलंस का? मी बरी झाले म्हणे."

"कोण म्हणालं?"

"पायाची पट्टी बदलायला नर्सबाई येईना, म्हणून दवाखान्यात फोन लावला. तिथला मुलगा म्हणतो, आजी, तुमची गरज शून्य आहे. म्हटलं, बाळा, एकदा येऊन माझ्या पायाला सांग हे, तो माझं ऐकत नाही." मावशी हसली, मग खोकली. "जखमेला वास यायला लागलाय गं."

"मावशी, मध्यंतरी प्रश्न विचारायला कुणी आलं होतं?"

"आली होती वाटतं कुणी. बेल वाजली. आले आले म्हणत काठी शोधली, भिंत धरली, दारापर्यंत पोचले तर जिना रिकामा! हल्लीच्या पोरींना दम कुठला निघायला? त्याआधी खालच्या शिंपीकाकांची बेल वाजलेली ऐकली मी. त्यांची तर कंबरच धरलेली, ते कसले उठतायत. त्यांचं मशीनही ऐकू येत नाही हल्ली. का माझेच कान गेलेत, देव जाणे."

मुंगीनं फाइल उघडली. किती उत्तरं मिळाली, एवढंच मोजणारा एक नवा रकाना तिनं घडवला आणि त्यात शून्य असलेली घरं वर आणली. ओळीमागून ओळी येतच राहिल्या. पाचही उत्तरं कोरी, आणि शेजारी 'गरज' शून्य. ज्यांना दारापर्यंत येता आलं नव्हतं, त्यांनाच तिनं ठणठणीत ठरवलं होतं. त्यांत मावशी होती, शिंपीकाकाही होते.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि आधी केबिनचं दार लावलं. "आदेश निघालाय. आता चूक म्हणालात तर कुणाची, हे विचारतील."

"माझी आहे, साहेब."

"मग पुढच्या पाहणीत दुरुस्त करा. तोवर बभ्रा नको. दोन-चार महिन्यांत काय आभाळ कोसळणार आहे?"

मुंगीनं तिथूनच, साहेबांच्या देखत, नर्सबाईंना फोन लावला. "आदेश गेला खड्ड्यात," नर्सबाई म्हणाल्या. "मी सामान घेऊन निघते. तू पुढे हो."

मावशीच्या जिन्यावर भरदुपारी अंधारल्यासारखं होतं. पहिल्या मजल्यावर शिंपीकाकांच्या दाराखालून मात्र दिव्याची पिवळी रेघ दिसत होती. मुंगीनं बेल दाबली.

वरून काठीचा आवाज आला. "कोण आहे?"

"मी गं, मुंगी."

"मग वर ये की! खाली काय करतेस?"

"थांबलेय."

मावशीला भिंत धरून दाराशी यायला लागतो तेवढा वेळ ती थांबली. मग कंबर धरलेल्या माणसाला लागेल तेवढा. मग पुन्हा बेल दाबून तिनं दाराला कान लावला. आत कुठेतरी नळ ठिबकत होता.