आईच्या रिपोर्टमधलं रक्त

आईच्या शेवटच्या रिपोर्टवर नाव तिचं होतं. रक्त तिचं नव्हतं.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. मी इथे सहसा काही लिहीत नाही. पण मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला. ती डॉक्टरांविरुद्ध तक्रार करणार आहे.

ताईचा संशय असा, की डॉक्टरांनी अंदाज चुकीचा दिला. "आता घरी राहू द्या" म्हणाले आणि दहा आठवड्यांत आई गेली.

नातेवाईकही तेच बोलतात. मी वर्षभर ऐकून घेतलं.

आई कन्हानला अंगणवाडी सेविका होती. गावातल्या मुलींना रक्तवाढीच्या गोळ्या द्यायची. तिचा कोणावर विश्वास नव्हता.

"तोंड उघड. जीभ वर कर. आता इकडून दाखव."

गालात लपवलेली गोळी तिला बरोबर सापडायची. मग खालची पापणी ओढून डोळा लाल आहे का पांढरा ते पाहायची. असं तीस वर्षं.

तिच्याच हृदयाचं पंपिंग कमी झालं, पायांवर सूज आली, तेव्हा मी तिला शहरात, मनीषनगरला माझ्या फ्लॅटवर आणलं. तपासणीत रक्तही कमी निघालं. हिमोग्लोबिन साडेसात.

घरी येणारे पाहुणे म्हणायचे, "काकू, मनीषनगरचं पाणी मानवलं तुमाले. गोऱ्या दिसून राहिल्या."

आई हसायची. पाहुणे गेल्यावर एकदा मी तिला आरशासमोर पाहिलं. स्वतःची पापणी ओढून बघत होती.

डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम होता. त्यात वय, पंपिंग, बीपी, किडनी, हिमोग्लोबिन भरायचं. अशा पेशंटला पुढच्या वर्षभरात किती धोका आहे, त्याचा अंदाज यायचा.

आईचा लाल आला.

डॉक्टर म्हणाले, हार्ट कमजोर आणि वर रक्त कमी, म्हणजे धोका जास्त. एकटं राहायचं नाही. तीन आठवडे गोळ्या घ्या, रक्त वाढलं तर पुन्हा अंदाज काढू.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "याच्यापेक्षा पोपटवाला बरा. तो इतकं विचारत तरी नाही."

मग लिफ्टमध्ये म्हणाली, "जे भरलं तेच निघते ना त्याच्यातून? आमच्या रजिस्टरसारखं."

मला तिथेच शंका यायला हवी होती.

तिला फक्त कन्हानला जायचं होतं.

"मले घरी सोडून दे गा. इथं दार लावलं का माणूस जिता आहे का मेला, कोणाले समजत नाही."

"रिपोर्ट चांगला आला की सोडतो."

हे मी रोज म्हणायचो.

तीन आठवड्यांनंतरच्या तपासणीच्या आदल्या दिवशी शोभामावशी राहायला आली. अंगणवाडीत आईची मदतनीस होती ती. आईपेक्षा दहा वर्षांनी लहान, तब्येतीने दणकट.

सकाळी आई म्हणाली, "शोभा येते माह्यासंगं लॅबमध्ये. तू ऑफिसले जाय."

संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन अकराच्या वर.

आई रक्त पातळ करायची गोळी घ्यायची. सुई टोचली की तिचा हात आठवडाभर काळानिळा असायचा. त्या संध्याकाळी दोन्ही हात स्वच्छ होते.

शोभामावशी दंडावर पदर ओढून बसली होती. चहाचा कप घ्यायला तिने हात पुढे केला, तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूला गोल पट्टी दिसली.

मी विचारलं, "आई, या वेळी डाग नाही पडला."

"पोरीचा हात हलका होता."

"कोणत्या हातातून घेतलं?"

"पोलीस आहे का गा तू? चहा पे."

शोभामावशी "साखर कमी झाली वाटते" म्हणत स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नवा आकडा भरला. लाल रंग गेला.

पण ते थांबले. रिपोर्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तीन आठवड्यांत इतकं वाढलं? एकदा रिपीट करून घेऊ या का?"

मी म्हणालो, "नको सर. तिचे हात फार काळे पडतात."

हे वाक्य माझं आहे. आईचं नाही, शोभामावशीचं नाही, डॉक्टरांचं तर नाहीच.

"आता घरी राहू द्या" म्हणत त्यांनी पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची दिली. रविवारी मी आईला कन्हानला सोडलं. ती तारीख आलीच नाही.

ती तिथे आनंदात राहील म्हणून मी गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगतो. पण घरात आजारी माणूस असल्याने मीही थकलो होतो. यातलं खरं कारण कोणतं, याबद्दल माझाच माझ्यावर विश्वास नाही.

काल मी डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मी त्यांना समोर बोलवून पाहायला हवं होतं. लोहाचं सलाइन दिलं असतं, घरी पाठवलं नसतं. तरी वाचल्या असत्या का, हे मी नाही सांगू शकत."

ताई, तुझी तक्रार माझ्याविरुद्ध आहे. घरी ये, समोर बसून बोलू.

शोभामावशीला कोणी काही बोलू नका. तिच्याकडे मैत्रिणीने मागितलं, तिने दिलं.

आई, तू फसवलंस हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मला कळलं, हे तुलाही कळलं होतं. म्हणूनच कन्हान येईपर्यंत गाडीत तू एक शब्द बोलली नाहीस, आणि मीही नाही.

तुला माझं नमन. जयभीम, आई.