चाचांची जन्मभराची गॅरंटी

"मालक कुठाय?"

कुणी मोडकी बॅग घेऊन दुकानाची पायरी चढलं की चाचांचा पहिला प्रश्न हाच. बॅगेकडे ते नंतर बघायचे.

मुरुडच्या बाजारात त्यांच्या बॅगांच्या दुकानाला लागून माझं शिवणाचं दुकान. मध्ये नुसती फळी, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं मला फुकटात ऐकायला मिळायचं. आमच्याकडची पोरं जहाजावर, आखातात जातात आणि जाताना बॅग चाचांकडूनच घेतात. चाचा नवी बॅग पायरीवर आडवी टाकत, चपला काढून तिच्यावर उभे राहत आणि म्हणत, "जन्मभराची गॅरंटी! चाक, चेन, हँडल, सगळं फुकट. पण वर्षातून एकदा मालकानं स्वतः आणून दाखवायची. नायतर गॅरंटी बाद."

एकदा एकानं मोठ्या कंपनीचं वॉरंटी कार्ड त्यांच्यापुढे नाचवलं. चाचांनी ते मोठ्यानं वाचलं. "चाक सोडून, चेन सोडून, हँडल सोडून... मग उरलं काय? आतली हवा?"

माझा नीलेश जहाजावरून उतरला की सुट्टी मुंबईतच मित्रांबरोबर उडवायचा. एकदा बॅगेचं चाक निखळलं, तर पठ्ठ्यानं बॅग तेवढी एसटीनं पाठवून दिली. मी ती शेजारी नेली.

"मालक कुठाय?"

"अहो, चाक बसवायला पोराचं तोंड कशाला लागतं?" मी खेकसलेच.

"लागतं, ताई."

बॅग तशीच परत! शेवटी नीलेश चरफडत आला, आठवडाभर राहिला, पोटभर सुरमई खाऊन गेला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरांनाही ही चलाखी कळली होती, तरी दरवर्षी यायची. किती आयांची पोरं त्या माणसानं अशी घरी आणली, काय सांगू तुम्हाला!

त्यांचा स्वतःचा मुलगा मात्र लंडनला गेला तो गेलाच. दुकानातली सगळ्यात भारी लाल बॅग त्याला दिली होती. एका दुपारी त्याचा फोन आला. चाचांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन स्पीकरवर.

"अब्बा, त्या बॅगेचं चाक गेलं."

चाचांचा चेहरा असा फुलला! "मग घेऊन ये ना! गॅरंटी हाय."

"एवढ्यासाठी कोण येतं, अब्बा? फेकली. नवी घेतली."

"बरं केलंस," चाचा म्हणाले. मग एका बॅगेच्या चेनवर मेणबत्ती घासत बसले. चेन चांगली चालत होती.

मला राहवलं नाही. "सरळ म्हणा ना त्याला, ये म्हणून!"

"गिऱ्हाईकाला म्हणता येतं, ताई. पोराला कसं म्हणायचं?"

पुढच्याच थंडीत चाचा दुकानात बसल्या बसल्या गेले. मुलगा पोचला तो दफन झाल्यावर, दुसऱ्या दिवशी. घरी न जाता आधी दुकानाच्या पायरीवर बसला. बाजूला नवी कोरी बॅग. मी चहा नेऊन दिला.

"मावशी, अब्बांनी मला एकदा तरी ये म्हणायचं होतं."

मला राग आला, बापाचा आणि लेकाचाही.

"म्हणाले की रे! फोनवर. मी इथंच होते. घेऊन ये, गॅरंटी हाय, म्हणाले."

तो मान खाली घालून नव्या बॅगेची चेन उघडायला लागला, लावायला लागला, पुन्हा उघडायला लागला. चेन चांगली चालत होती.