हिरवी टिकली

“मावशी, विचार करून लावा हं. पुढच्या महिन्यात धाकट्या सुनेला इथंच आणायचंय ना?” नर्सबाई हसत म्हणाल्या.

आरोग्य केंद्राच्या कामाला गावकरी गुण देत होते. आमच्या संस्थेने भिंतीवर तक्ता लावून बाजारातल्या टिकल्यांची पाकिटं ठेवली होती. चांगल्याला हिरवी, वाईटाला लाल. ‘बाळंतपण’ या रकान्यासमोर मावशी लाल टिकली घेऊन थांबली होती. तिची थोरली सून याच केंद्राच्या कुलूप लावलेल्या दारापुढे बाळंत झाली होती. बाळ तिथंच गेलं.

टिकलीवर नाव नसतं, म्हणून कुणी भिणार नाही, असं आम्ही शहरात बसून ठरवलं होतं. पण गावात टिकली लावणाऱ्या हाताला नाव असतं, घर असतं, दिवस भरत आलेली सून असते.

मावशीने लाल टिकली पदराला चिकटवून टाकली. “द्या बाई, हिरवी द्या.” मी दिली.

निकाल वाचायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या इंग्रजी वळणाच्या मराठीला लोक हसतील, म्हणून आधीच्या गावांत मी ते टाळलं होतं. आज एकही शब्द अडखळला नाही.

“बाळंतपण,” मी मोठ्याने म्हणाले, “सगळ्या हिरव्या. नर्सबाईंसाठी टाळ्या वाजवूया.”